‘सिस्टिम अपग्रेड झालीय, उद्या ये!’

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. परीक्षेचा फॉर्म भरायला बसले, तर पोर्टलवर माझी फी ‘बाकी’. पैसे महिन्याभरापूर्वीच गेले होते. ऑफिसच्या खिडकीवर गेले तर सर म्हणाले, ‘अगं, सिस्टिम अपग्रेड झालीय. सगळ्यांचंच असं दिसतंय. उद्या ये.’ फॉर्मची मुदत संपायला दोनच दिवस होते. माझ्याकडे पावतीची प्रिंट होती म्हणून माझं काम झालं. माझ्या मैत्रिणीकडे नव्हती. तिला लेट फी भरावी लागली.

चूक सिस्टिमची आणि दंड तिला, असं का?

आधी हे होतं कसं ते बघू. डेटाबेस म्हणजे एक मोठं रजिस्टर. अपग्रेडमध्ये त्याचे रकाने, त्यांची नावं, तारीख लिहायची पद्धत बदलू शकते. पण ते वाचणारे प्रोग्रॅम जुनेच राहिले, तर नोंद जागेवर असूनही त्यांना सापडत नाही. स्क्रीनवर मात्र ठामपणे ‘बाकी’ असं येतं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनीअरकडून चुकून मुख्य डेटाबेसमधला डेटा डिलीट झाला. बॅकअप शोधला तर तो नव्हताच. डेटाबेस नव्या व्हर्जनचा आणि बॅकअप घेणारं टूल जुन्या, त्यामुळे बॅकअप फेल होत होता. तसं सांगणारे ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हते. नशिबाने सहा तासांपूर्वीची एक कॉपी सापडली. त्यानंतरचा डेटा मात्र गेला.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिमवर नेला. डेटा नीट पोहोचला, पण सिस्टिम लगेच कोलमडली. ५२ लाख ग्राहकांपैकी बऱ्याच जणांना आपलंच खातं उघडेना. गाडी पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला. पुढच्या वर्षी बँकेचे तेव्हाचे आयटीप्रमुख कार्लोस अबार्का यांनाही वैयक्तिक दंड झाला. म्हणजे ‘सिस्टिमची चूक’ म्हणून तिथे विषय संपला नाही. सिस्टिम तयार आहे की नाही हे नीट तपासणं कुणाचं काम होतं, हेही विचारलं गेलं.

१९ जुलै २०२४ तर सगळ्यांनाच आठवत असेल. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्याकडे विमान प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. कंपनीने ते अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं, पण तोवर ते सगळीकडे पोहोचलं होतं. आधी थोड्याच कॉम्प्युटरवर टाकून पाहिलं असतं तर नुकसानही थोडक्यात आटोपलं असतं.

मग अपडेट करूच नये का? तेही महागात पडतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या इक्विफॅक्सने उपलब्ध असलेला सिक्युरिटी पॅच वेळेत लावला नाही आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. त्यामुळे अपडेट हवंच, प्रश्न ते कधी आणि कसं करायचं हा आहे.

उत्तर रॉकेट सायन्स नाही. आधी डेटाची कॉपी घेऊन तिच्यावर ट्रायल घ्या. बॅकअप नुसता घेऊ नका, तो परत उघडून बघा. गडबड झाली तर जुन्या व्हर्जनवर परत जायची वाट ठेवा. आणि परीक्षा फॉर्म किंवा अ‍ॅडमिशनच्या आठवड्यात अपग्रेडला हातच लावू नका.

हे टेक्निकल लोकांचं काम झालं. एक काम मात्र ऑफिसचं आहे. पोर्टल बिघडलं तर मुदत आपोआप वाढवा, लेट फी लावू नका. यासाठी कोडिंग लागत नाही, एक नोटीस पुरते.

तोवर आपण काय करायचं? फी भरली की पावती डाउनलोड करा, स्क्रीनशॉट काढा, ट्रान्झॅक्शन नंबर जपा. खिडकीवर ‘उद्या ये’ ऐकलं, तर तक्रार लेखी द्या आणि तिच्यावर आजच्या तारखेचा शिक्का मागा. पोर्टल आपली नोंद विसरलं, तर तो कागदच आपल्या बाजूने बोलेल.