हाताची घडी, तोंडावर बोट

महाराष्ट्रातील कोणत्याही बालवाडीच्या दाराशी सकाळी उभे राहिले तर एक आज्ञा हमखास कानी पडते : 'हाताची घडी, तोंडावर बोट!' चार वर्षांची वीस-पंचवीस मुले क्षणार्धात निश्चल होतात आणि शाळेत शिस्त आहे अशी पाहुण्यांची खात्री पटते. घडी घातलेल्या हाताचे बोट तोंडावर जाणार कसे, हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाला पडतोही. पण तो विचारायला तोंड उघडावे लागते. मूल ज्या दोन साधनांनी जग समजावून घेते, तो हात आणि ती वाणी, नेमकी तीच बांधून टाकायची आणि मग शिकवायला आरंभ करायचा, असा हा अजब क्रम आहे. ही आज्ञा शिक्षणशास्त्राने दिलेली नाही. ती कोठून आली आणि कोणाच्या सोयीची आहे, याचा विचार परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्यांनी तरी केला पाहिजे.

हाताने शिकणे म्हणजे मुलांची करमणूक, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. त्यांनी मूठभर चिंचोके घेऊन पाहावे. आठ चिंचोके एका ओळीत दाटीने मांडले आणि तेवढेच आठ दुसऱ्या ओळीत अंतर ठेवून पसरले, तर चार वर्षांचे मूल बहुधा दुसऱ्या ओळीत चिंचोके जास्त आहेत असे सांगते. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी बालविचाराचे हे वैशिष्ट्य जगासमोर मांडले. त्याच मुलाला शंभरापर्यंतचे आकडे मुखोद्गत असू शकतात. परंतु आठ म्हणजे आठच, मग ते कसेही मांडा, ही समज पाठांतराने येत नाही. चिंचोके पसरून, गोळा करून, जोड्या लावून, मित्रांत वाटून ती येते. वाळू एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतताना मापाची कल्पना येते, तराजूत खडे घालताना वजनाची. मणी ओवताना, माती मळताना, कागद फाडून चिकटवताना बोटांत ते बळ येते, ज्याच्या आधारावर पुढे पेन्सिल पेलता येते. आणि तराजूचे कोणते पारडे जड, यावरून दोन मुले भांडतात तेव्हा कारण देऊन बोलण्याचा पहिला धडा ती गिरवत असतात. म्हणून हाताची घडी सोडवली की तोंडावरचे बोट आपोआप निघते.

हा विचार श्रीमंतांच्या घरी जन्मलेला नाही. मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरातील सॅन लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले. आईबाप कामावर गेले की चाळीत मोकाट राहणारी मुले, हे त्यांचे पहिले विद्यार्थी. आज शहरोशहरी 'माँटेसरी' हा शब्द भरमसाट शुल्काचा निदर्शक झाला आहे, हा काळाचा उपहास होय. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी ही दिशा ओळखली. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या परिसरात आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. महागड्या लाकडी साधनांची जागा बिया, शिंपले, पाने आणि माती यांनी घेतली. अंगणवाडी या शब्दामागे हा इतिहास आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशाच्या प्रशासनाचा भाग बनली. त्या योजनेच्या सहा सेवांमध्ये पूरक आहार व लसीकरण यांच्याबरोबरच पूर्वप्राथमिक शिक्षणाचाही समावेश होता.

कोल्हापूरला तर या विचाराची परंपरा स्वतःच्या घरात मिळालेली आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्यानंतर लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये येथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले. ती प्राथमिक शाळा आहे, बालवाडी नव्हे. परंतु तिने जे सिद्ध केले ते बालवाडीला अधिकच लागू पडते. सामान्य घरांतील मुले, मराठी माध्यम आणि अनुभवाला पाठ्यपुस्तकाइतके महत्त्व, एवढ्या भांडवलावर आनंददायी आणि तरीही कसदार शिक्षण देता येते, हे त्या शाळेने दाखवून दिले. लीलाताईंनी तो अनुभव ग्रंथांतून तपशीलवार मांडलाही. जून २०२० मध्ये त्या निवर्तल्या. कोल्हापूरने त्यांचा गौरव केला. पण त्यांची पद्धत शहरातल्या सगळ्या बालवाड्यांत का गेली नाही, हा अवघड प्रश्न गौरवाच्या भाषणांत सहसा उपस्थित होत नाही.

त्याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. चिंचोके, माती, वाळू, पाणी, जुनी डबी, झाडाची पाने या साहित्याला जवळपास काहीच पैसे पडत नाहीत. दुर्मीळ आहे तो मोठ्या माणसाचा वेळ. वीस मुलांपुढे माती ठेवली की कोणीतरी त्यांच्यात बसावे लागते, प्रश्न विचारावे लागतात, उत्तराची वाट पाहावी लागते, शेवटी हात धुवावे लागतात. एका बाईने चाळीस मुले सांभाळायची आणि त्याच वेळी आहार शिजवून घ्यायचा, वजने घ्यायची, नोंदवह्या भरायच्या असे ठरले, तर तिच्यापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट. ही शिस्त अपुऱ्या मनुष्यबळातून आलेली आहे. तिचा दोष त्या बाईच्या माथी मारणे हा शुद्ध अन्याय होय.

या बाईला शासन काय समजते? ती 'मानसेवी' आहे. तिला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये ठरविले. वरची भर राज्याने घालावयाची. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला, नोंदवहीच्या जोडीला मोबाईल आला आणि सदोष मोबाईल शासनाला परत करण्याचे आंदोलन महाराष्ट्रातील सेविकांना करावे लागले. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सेविका व मदतनीस पन्नासाहून अधिक दिवस संपावर होत्या. त्या संपाची चर्चा मानधनाच्या आकड्यापुरती राहिली. वस्तुतः तो शिक्षणाचाही प्रश्न होता; कारण जिच्या श्रमाला मोल नाही तिच्या हातून मुलाच्या हाताला मोल मिळावे, ही अपेक्षाच विसंगत आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाचा खेळण्यांचा व शैक्षणिक साहित्याचा संच केंद्राने प्रकाशात आणला. त्यामागील कल्पना चांगली आहे. परंतु वस्तू हरवली तर भरपाई कोण देणार, या धास्तीत जगणारी व्यवस्था असा संच कपाटात बंद ठेवते, हा आपल्याकडील प्रयोगसाहित्याचा जुना अनुभव आहे. माणसावरचा खर्च टाळून वस्तूवर खर्च केला की उद्घाटन होते, शिक्षण होतेच असे नाही.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला पालकांचा. मातीत तर मूल घरीही खेळते, शाळेत एबीसीडी शिकवा, असे मजूर बाप म्हणतो. तो अडाणी आहे म्हणून असे म्हणत नाही. इंग्रजी हे नोकरीचे दार आहे हे त्याने पाहिले आहे आणि भरलेली वही हाच त्याला दिसणारा पुरावा आहे. त्याला व्याख्यान देऊन उपयोग नाही. त्याला वर्गात बसवून आठ चिंचोक्यांचा प्रयोग दाखवावा, म्हणजे आकडे म्हणणे आणि संख्या कळणे यांतला फरक तो स्वतःच ओळखील.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ज्यांच्या कितीतरी पिढ्या हातानेच राबल्या, त्यांच्या मुलांना शाळेतही पुन्हा हातकामच का? मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेल्या वेळात घरचा धंदा अशी योजना आणली. पेरियारांनी व द्रविड चळवळीने ती जातीचा पिंजरा म्हणून झिडकारली आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. ते योग्यच झाले. पण तेथे हात धंद्यासाठी राबवायचा होता आणि मूल कोणाचे यावरून धंदा ठरणार होता. बालवाडीतील माती कोणाला कुंभार करण्यासाठी नसते. कुंभाराचे, चांभाराचे, डॉक्टरचे आणि वकिलाचे मूल एकाच परातीत हात घालते, तेव्हा काही हात राबण्यासाठी आणि काही डोकी हुकूम देण्यासाठी ही विभागणी पहिल्यांदा मोडते. जातिव्यवस्थेने हात आणि बुद्धी यांची फारकत केली. घडी घालायला लावणारी शाळा तीच फारकत पुढे चालवते. कुंभार गल्लीत बापाशेजारी बसून गणपतीला हात लावणारे पोर शाळेत आले की त्याचे हे ज्ञान उंबऱ्याबाहेर राहते. गळिताच्या हंगामात फडावरच्या खोपीत राहणाऱ्या ऊसतोड मजुराच्या मुलाला तर हा उंबराही बहुधा लाभत नाही.

कायद्यानेही या वयाला वाऱ्यावर सोडले आहे. संविधानाच्या मूळ ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व मुलांचे शिक्षण अभिप्रेत होते. त्यातून तिसरे वर्ष वगळलेले नव्हते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा या वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्याने 'प्रयत्न' करावा एवढेच ठेवले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासनाच्या मर्जीवर सोडली. २०१५ मध्ये विधी आयोगाने ती बंधनकारक करण्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० चे उद्दिष्ट जाहीर केले, पण हक्क दिला नाही. उद्दिष्ट हुकले तर न्यायालयात जाता येत नाही; हक्क डावलला तर जाता येते.

अमेरिकेत मिशिगन राज्यातील यप्सिलांटी येथे १९६२ पासून १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचा एक प्रयोग झाला. त्यांतील ज्यांना कृतिप्रधान बालशाळा मिळाली, त्यांची चाळिशीतील मिळकत व नोकरीची स्थिती इतरांहून चांगली आढळली. बालशिक्षणावरील गुंतवणूक फायदेशीर ठरते, असे हेकमन यांच्यासारखे नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ यावरून सांगतात. हा पुरावा अंदाजपत्रकाच्या चर्चेत जरूर वापरावा. मात्र मूल ही ठेव नव्हे. परतावा मिळाला नसता तरीही माती मळण्याचा, पाणी ओतण्याचा, 'का' म्हणून विचारण्याचा त्याचा अधिकार तसाच राहिला असता.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, तेव्हा ब्रिटिश सरकारलाही तो परवडणारा वाटत नव्हता. त्या नगरीतील कार्यकर्त्यांनी आज एवढे तरी करावे. आपल्या प्रभागातील, आपल्या गावातील अंगणवाडीत एक सकाळ घालवावी. तेथे वाळू, माती व पाणी मुलांच्या हाताला लागते का, मदतनिसाची जागा भरलेली आहे का, सेविकेचा किती वेळ मुलांत आणि किती मोबाईलमध्ये जातो, हे स्वतः पाहून लिहून काढावे आणि ते ग्रामसभेत व महापालिकेच्या सभेत मांडावे. सेविकेला वेतन आणि तीन वर्षांपासून शिक्षणाचा हक्क, या दोन मागण्या एकाच निवेदनात लिहाव्यात; कारण त्या मुळात एकच आहेत. आणि त्या सकाळी मुले हाताची घडी घालून बसलेली दिसली, तर बाईंना दोष न देता त्यांच्यासमोर बसून चिंचोक्यांची पिशवी सोडावी.