चालत्या घराच्या छतावरचे हिम : कायद्याचे लक्ष मागे, धोका मात्र वरही

उत्तर अमेरिका आणि युरोपातील थंड प्रदेशांत रात्रभर हिमवृष्टी होऊन पहाटे आकाश निवळले की रस्ते मोकळे करणारी यंत्रे आधी बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग मोटारी निघतात. पुढच्या काचेवरचे हिम प्रत्येक चालक खरवडतो, कारण त्याशिवाय त्याला दिसतच नाही. छतावरचे हिम मात्र चालकाच्या दृष्टीच्या पलीकडे असते. लहान मोटारीच्या बाबतीत तो आळसाचा प्रश्न ठरतो. मोटरहोमच्या, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानगृहाची सोय असलेल्या चालत्या घराच्या बाबतीत तो त्याहून अवघड आहे. त्याचे छत जमिनीपासून तीन ते चार मीटर उंच असते आणि तिथवर हात पोहोचत नाही.

हे छत साफ न करता वाहन रस्त्यावर आणणे अमेरिकेच्या काही राज्यांत आता गुन्हा आहे. ते साफ करण्यासाठी निसरड्या शिडीवरून वर चढणे हा गुन्हा नाही, पण धोका तितकाच खरा आहे. गेल्या दोन दशकांत या विषयावर झालेल्या कायद्यांनी मागून येणाऱ्या वाहनचालकाचा विचार केला, आणि तो करणे आवश्यकच होते. छतावर चढणाऱ्याचा विचार त्यात अपुरा राहिला आणि वाहनात झोपणाऱ्याचा तर झालाच नाही.

मराठी बोलण्यात आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमाला आणि गोठून कठीण झालेल्या पाण्याला सर्रास 'बर्फ' असेच म्हटले जाते. या प्रश्नात मात्र दोहोंतील फरक निर्णायक आहे. ताजे, कोरडे हिम हलके असते. एका घनमीटरचे वजन साधारण ५० ते १०० किलो भरते. तेच दबून ओलसर झाले की ३०० किलोंपर्यंत आणि त्याहीपुढे जाते. सात मीटर लांब आणि सव्वादोन मीटरहून थोडे अधिक रुंद अशा मोटरहोमच्या छताचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर होते. त्यावर ३० सेंटीमीटरचा थर साचला, तर हिम कोरडे असताना भार ४८० किलोंच्या आसपास आणि ओलसर असताना १,४०० किलोंच्या वर जातो. युरोपातील बहुसंख्य मोटरहोम सामान आणि प्रवाशांसह ३,५०० किलोंच्या मर्यादेत बसवलेली असतात. त्यांत सामानासाठी काहीशे किलोंचीच मुभा उरते. म्हणजे एका रात्रीच्या हिमवृष्टीने वाहन कायदेशीर वजनमर्यादा ओलांडू शकते आणि तो सगळा भार छतावर असल्याने वळणावर त्याचा तोलही बिघडतो.

यापेक्षा घातक प्रकार घडतो तो हिमाच्या तळाशी. आत हीटर चालू असल्याने छत किंचित उबदार राहते, त्याला लागून असलेला थर वितळतो आणि हीटर बंद होताच किंवा रात्री पारा उतरताच तो पुन्हा गोठतो. असे दोन-तीनदा झाले की भुसभुशीत हिमाखाली बर्फाची एकसंध लादी तयार होते. वाहन महामार्गावर वेग घेते, छतावरून वाहणारी हवा या लादीला उचलते आणि ती तुटून मागे फेकली जाते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अवघ्या तीन सेंटीमीटर जाडीच्या लादीचे वजन २७ किलोंहून अधिक असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने मागून येणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. समोर काय आले हे मागच्या चालकाला कळेपर्यंत काच फुटलेली असते.

अमेरिकेतील कायद्यांचा इतिहास अशा मृत्यूंपासूनच सुरू होतो. न्यू हॅम्पशायर राज्यात १९९६ मध्ये एका मालमोटारीवरून सुटलेल्या बर्फामुळे झालेल्या अपघातात एका तरुणीचा जीव गेला. तिच्या नावाने ओळखला जाणारा 'जेसिकाचा कायदा' २००२ मध्ये अमलात आला. न्यू जर्सीत ऑक्टोबर २०१० पासून छतासह संपूर्ण वाहनावरील हिम आणि बर्फ काढण्यासाठी वाजवी प्रयत्न करणे बंधनकारक आहे. प्रयत्न न केल्यास २५ ते ७५ डॉलर दंड होतो. बर्फ उडून कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर खासगी वाहनाला २०० ते १,००० आणि व्यावसायिक वाहनाला ५०० ते १,५०० डॉलरपर्यंत दंड आहे. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने हिवाळ्यात सकाळी लांब दांड्याचा ब्रश घेऊन छत झाडण्याचा हा नियम तेथील अनेक मराठी घरांत अंगवळणी पडलेला आहे.

पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे २००५ च्या नाताळच्या दिवशी ट्रकवरून उडालेल्या बर्फाने एका महिलेचा मृत्यू झाला. तरीही पुढील अनेक वर्षे बर्फामुळे कोणी मृत्युमुखी पडले किंवा गंभीर जखमी झाले, तरच चालकाला दंड करता येत असे. अपघात होण्याआधी पोलिसांच्या हातात काही नव्हते. जुलै २०२२ मध्ये तत्कालीन गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी स्वाक्षरी केलेल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून लागू झालेल्या बदलाने ही उणीव दूर केली. हिमवृष्टी थांबल्यापासून २४ तासांच्या आत वाहनावरील हिम व बर्फ काढण्याचा वाजवी प्रयत्न न केल्यास आता ५० डॉलर दंड होतो, मग बर्फ पडो अथवा न पडो.

या कायद्यांना मालवाहतूक व्यावसायिकांनी घेतलेला आक्षेप केवळ खर्चाचा नव्हता. मालमोटारीचा मागचा डबा सुमारे चार मीटर उंच असतो. अमेरिकेत सर्वसाधारण उद्योगांत चार फुटांहून अधिक उंचीवर काम करणाऱ्याला पडण्यापासून संरक्षण देण्याची जबाबदारी मालकावर आहे. मग चालकाला पहाटेच्या अंधारात गोठलेल्या छतावर चढायला सांगणारा कायदा कामगार-सुरक्षेशी कसा जुळतो, हा त्यांचा सवाल होता. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात त्यामुळेच सवलती आल्या. वाहन बर्फ काढण्याच्या ठिकाणी जात असेल किंवा बर्फ काढण्याने कामगार-सुरक्षेचे नियम मोडत असतील, तर चालकाला मुभा आहे. उत्तर अमेरिकेतील मालवाहतुकीत, विशेषतः कॅलिफोर्निया, ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियात, पंजाबी चालकांची संख्या लक्षणीय आहे. ही चर्चा त्यांच्याही रोजच्या सुरक्षिततेची आहे.

जर्मनीने या पेचाला वेगळे उत्तर दिले. तेथील रस्ते वाहतूक नियमावलीच्या कलम २३ नुसार वाहन सुस्थितीत असल्याची जबाबदारी चालकाची आहे आणि छतावरचे हिमही त्यातच मोडते. पण त्याच देशात महामार्गालगतच्या काही थांब्यांवर आणि वाहतूक कंपन्यांच्या आवारात कठडे असलेले लोखंडी मचाण उभारलेले दिसतात. ट्रक शेजारी उभा करायचा, पायऱ्यांनी मचाणावर जायचे आणि छतावर पाऊल न ठेवता बर्फ खाली ढकलायचा. जबाबदारी टाकताना साधनही पुरवले, तर कायदा पाळणे सोपे होते, इतका साधा हा हिशेब आहे.

मोटरहोमचा मालक या दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या पोकळीत सापडतो. त्याचे वाहन उंचीने ट्रकच्या जवळ जाते, पण तो कोणाचा कर्मचारी नसतो, म्हणून कामगार-सुरक्षेचे नियम त्याला लागू होत नाहीत. बहुतेकदा तो निवृत्त गृहस्थ असतो किंवा सुट्टीवर निघालेले कुटुंब. वाहनाच्या मागे पातळ नळ्यांची शिडी बसवलेली असते आणि तीच त्याला वर बोलावते. भाड्याच्या मोटरहोमबाबत तर विसंगती आणखी उघडी पडते : अनेक भाडेकरारांत छतावर चढण्यास स्पष्ट मनाई असते आणि त्याच वेळी राज्याचा कायदा छत साफ असल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणू देत नाही.

यातून वाट निघते ती जमिनीवरूनच. लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा आणि टोकाला कठीण फोमची पाटी असलेले ओढणे हे यासाठीचे योग्य साधन होय. हिम आपल्याकडे, छताच्या कडेकडे ओढायचे. पण स्वतः त्याच्या खाली न राहता बाजूला उभे राहायचे. आधी वर वीजतारा नाहीत याची खात्री करणे अनिवार्य आहे, कारण हे दांडे सहसा ॲल्युमिनियमचे असतात. दांडा पुरत नसेल तर वाहनाच्या शिडीऐवजी सपाट, मोकळ्या केलेल्या जमिनीवर टेकवलेली वेगळी शिडी घ्यावी, खाली दुसऱ्या माणसाने ती धरावी आणि शिडीवरूनच काम करावे. छतावर पाय ठेवू नये. तेथे रबरी पडदा किंवा फायबरग्लासचा पत्रा असतो आणि ओला झाल्यावर दोन्ही साबणासारखे निसरडे होतात. हिमाखाली लपलेल्या प्लास्टिकच्या झरोक्यावर पाय पडला, तर माणूस आणि झरोका दोघांचेही नुकसान ठरलेले.

घाईत केलेले उपाय महाग पडतात. लोखंडी फावड्याने सौर पॅनेल, झरोके आणि सांध्यांतील भराव यांना चिरा जातात आणि त्यांतून झिरपणारे पाणी वसंत ऋतूत भिंतीच्या आत कुजलेल्या लाकडाच्या रूपाने दिसते. उकळते पाणी ओतल्यास थंड प्लास्टिक तडकते, शिवाय तेच पाणी खाली गोठून पायाखाली नवा बर्फ तयार होतो. शेवटचा सेंटीमीटर खरवडण्याचा हट्टही नको. वाहन उभेच राहणार असेल, तर पातळ थर राहू देणे पृष्ठभागाच्या हिताचे असते. प्रवासाला निघायचे असेल, तर आत हीटर लावून लादी सुटी होईपर्यंत थांबणे आणि मग ती ओढून काढणे श्रेयस्कर. अमेरिकी मोटरहोमांत बाजूला सरकून बाहेर येणारे कक्ष असतात. त्यांच्या माथ्यावरचे हिम न काढता कक्ष आत ओढला, तर वरचे कापड फाटते आणि बर्फ थेट दिवाणखान्यात येतो.

तिसरा धोका वाहनात झोपणाऱ्यांचा आहे आणि कायद्यांच्या चर्चेत तो जवळजवळ येतच नाही. अनेक मोटरहोमांत गॅसवर चालणाऱ्या हीटरचे धुरांडे छतावर असते आणि हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेली छिद्रेही तेथेच. हिमाने ती बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत साठू शकतो. या वायूला रंग नसतो, गंध नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. आल्प्समध्ये हिवाळी मुक्काम करणारे जाणकार धुरांड्याला उंची वाढवणारी नळी जोडतात, रात्री झोपण्यापूर्वी ते मोकळे आहे याची खात्री करतात आणि आत वायूची सूचना देणारे यंत्र ठेवतात. संपूर्ण छत साफ करणे शक्य नसले, तरी धुरांडे, झरोके आणि मागचा सायलेन्सर यांभोवतालचे हिम हटवणे याला पर्याय नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात वाहनांत अडकलेल्या किमान २२ पर्यटकांचा मृत्यू झाला, तेव्हा थंडीबरोबरच या वायूचाही उल्लेख झाला होता. त्या साध्या मोटारी होत्या; हिमाने वेढलेल्या बंद वाहनात इंजिन चालू ठेवण्याचा धोका मात्र तोच.

भारतात हा प्रश्न अद्याप छोटा आहे, पण तो दूरचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यानंतर हिवाळ्यातही पर्यटक लाहौलपर्यंत पोहोचू लागले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटन धोरण जाहीर केले. सह्याद्री आणि कोकणासाठी आखलेल्या धोरणात हिमाचा विचार असण्याचे कारण नव्हते. मात्र नाशिक वा पुण्यात सजवलेले वाहन मनालीला नेण्यात कोणतीही अडचण नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये छतावरील हिमाचा स्वतंत्र उल्लेख नाही. बर्फ उडून अपघात झालाच, तर धोकादायक वाहनचालनासारख्या सर्वसाधारण कलमांकडेच वळावे लागेल, म्हणजे पेनसिल्व्हेनिया जेथे २०२२ पूर्वी होते तेथेच.

एक फरक मात्र आहे. अमेरिकेत मोटरहोमचा मालक स्वतः चालवतो आणि स्वतःच छत झाडतो. भारतात असे वाहन बहुधा चालकासह भाड्याने मिळते आणि बसच्या टपावर चढून सामान बांधण्याची जुनी रीत पाहता, पहाटे हिम काढायला वर कोण चढणार हे वेगळे सांगायला नको. तो चालक किंवा त्याचा क्लीनर असेल. कॅराव्हान परवान्याच्या अटींत अग्निशामक नळकांडे आणि प्रथमोपचार पेटीच्या शेजारी लांब दांड्याचे ओढणे आणि वायूसूचक यंत्र घालायला फार मोठी दुरुस्ती लागणार नाही. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि जम्मू-काश्मीरच्या वाहनतळांवर एखादे मचाण उभारण्याचा खर्चही रस्ते बांधणीच्या तुलनेत नगण्य आहे.