जगण्याचा हक्क हिशेबात बसवता येत नाही

नाझी जर्मनीतल्या नरसंहाराचा विषय निघाला की आउशवित्झ आठवते, साठ लाख ज्यू आठवतात. पण विषारी वायूने पहिले जीव घेतले ते छावण्यांतल्या कैद्यांचे नव्हे, तर मनोरुग्णालयांतून उचललेल्या माणसांचे. हा क्रम योगायोगाने ठरलेला नाही. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरते, हे एकदा मान्य केले की पुढचा बळी कोण, एवढेच ठरवायचे उरते.

सुरुवात कायद्याने झाली. जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला आणि त्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. एका अपंगाला सांभाळायला सरकारला किती खर्च येतो, याची गणिते शाळेच्या पुस्तकांत मुलांना घातली जात. ‘खायला काळ, भुईला भार’ ही भावना अशी लहानपणीच रुजवली गेली. १९३९ मध्ये हिटलरने अशा रुग्णांच्या हत्येला परवानगी देणाऱ्या पत्रावर सही केली आणि बर्लिनच्या टिअरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावरून ‘टी-४’ मोहीम चालू लागली. रुग्णालयांना एक फॉर्म जाई. आजार कोणता, रुग्ण काम किती करतो, त्याला भेटायला कोणी येते का, असे त्यात विचारलेले असे. रुग्णाला कधीही न पाहिलेले डॉक्टर त्या कागदावर लाल अधिकचिन्ह काढत, म्हणजे मृत्यू. घरच्यांना मृत्यूचे खोटे कारण कळवले जाई. अपेंडिक्स आधीच काढलेला माणूस अपेंडिक्सने गेला, अशीही पत्रे गेली.

यावर काही जण म्हणतील की हा वैद्यकीय अतिरेक होता, वंशद्वेषाशी त्याचा काय संबंध? संबंध थेट आहे. १९४० मध्ये रुग्णालयांतल्या ज्यू रुग्णांना निवडताना आजार किंवा कामाची क्षमताही पाहिली गेली नाही, ज्यू असणे पुरेसे ठरले. पुढे ‘टी-४’मधली माणसेच पोलंडमध्ये बेल्झेक, सोबिबोर आणि ट्रेब्लिंका या मृत्युछावण्यांत गेली. ट्रेब्लिंकाचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल आधी हार्टहाइमच्या हत्याकेंद्रात कामाला होता. माणसे आणि पद्धत तीच राहिली, फक्त यादी बदलली. रोमा लोकही याच वंशविचाराचे बळी ठरले.

हुकूमशाहीत लोक तरी काय करणार होते, हा दुसरा आक्षेप. ३ ऑगस्ट १९४१ रोजी मुन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनात या हत्यांचा जाहीर निषेध केला. निरुपयोगी ठरलेल्याला मारणे चालत असेल, तर उद्या म्हातारपणी आपलीही पाळी येईल, असे त्यांनी सांगितले. तीनच आठवड्यांत हिटलरला मोहीम थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. तोवर सत्तर हजारांवर बळी गेले होते, आणि नंतरही उपासमार व औषधांनी हत्या गुपचूप चालूच राहिल्या. तरीही त्या आवाजाची दखल राजवटीला घ्यावी लागली, हे खरे. ज्यूंसाठी असे आवाज जाहीरपणे फारसे उठले नाहीत, हेही तितकेच खरे.

सरकारने खर्चाचा विचार करूच नये, असे कोणी म्हणत नाही. पैसा मर्यादित असतो आणि तो कुठे आधी घालायचा यावर वाद व्हायलाच हवा. मात्र तो वाद सेवा कशी द्यायची याचा असावा, जगण्याचा हक्क कोणाला याचा नव्हे. एखाद्या गटाला ‘ओझे’ म्हटले जाते, तेव्हाच हरकत घेतली पाहिजे, मग तो गट आपला असो वा नसो. यादी तयार झाल्यावर घेतलेली हरकत बहुतेकांच्या बाबतीत उशिराची ठरते.