मुले वगळू नका, नियम बदला

१९०५च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलच्या प्रशिक्षकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. मैदानावर तरणी पोरे जिवाला मुकत होती आणि खेळावरच बंदी घाला, ही मागणी जोर धरत होती. पुढच्याच वर्षी नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, दोन्ही फळ्यांमध्ये मोकळी जागा राखणे सक्तीचे झाले. घोळक्याने एकमेकांवर तुटून पडण्याला त्यामुळे काहीसा आवर बसला.

आज त्याच खेळात नवे साधन आले आहे. हेल्मेटमध्ये किंवा माउथगार्डमध्ये बसवलेला सेन्सर प्रत्येक धडकेत डोके किती जोराने हलले, किती वेगाने गरकन वळले, हे टिपतो. या नोंदींना मुलाचे वय, आधी बसलेला मार, तोल सांभाळण्याची क्षमता यांची जोड द्यायची आणि कोणाला कनकशनचा, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूला होणाऱ्या इजेचा, धोका अधिक, हे मशीन लर्निंगने आधीच सांगायचे. हे संशोधन मोलाचे आहे आणि ते व्हायलाच हवे. मात्र त्यावर भिस्त ठेवण्याआधी मागचे शतक नीट तपासायला हवे.

यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून, आणि इथे नोंदीच अपुऱ्या आहेत. शालेय फुटबॉलपटूंच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, कनकशन झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी ते कोणाला सांगितलेच नव्हते. अनेकांना ते किरकोळ वाटले होते. कित्येकांना संघाबाहेर बसायचे नव्हते. हा लपवलेला मार यंत्राच्या हिशेबात ‘काही झाले नाही’ असाच जमा होतो. उद्या यंत्राच्या आकड्यावर संघातली जागा ठरू लागली, तर मुले आणखी लपवतील. शिवाय सारख्याच धडकेने एक मुलगा भोवंडतो, तर दुसरा खेळत राहतो. अमुक जोराला कनकशन होतेच, अशी रेषा सेन्सरच्या इतक्या वर्षांच्या नोंदींतूनही सापडलेली नाही.

धोका माहीत नव्हता, असेही नाही. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर वारंवारच्या ठोशांचा काय परिणाम होतो, हे अमेरिकी डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८मध्येच लिहून ठेवले होते. तरीही डोक्याला मार बसल्याची शंका आलेल्या मुलाला खेळातून तत्काळ बाहेर काढा आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत उतरवू नका, असा कायदा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात व्हायला २००९ साल उजाडले. त्याआधी एका तेरा वर्षांच्या मुलाला मार बसल्यावर त्याच सामन्यात पुन्हा उतरवले गेले होते आणि तो कायमचा अपंग झाला होता.

उपाय कुठे सापडला, ते किकऑफकडे पाहिले की कळते. चेंडू लाथाडला जातो आणि दोन्ही बाजूंचे खेळाडू लांबून, पूर्ण वेगाने समोरासमोर धावत येतात. २०१६मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीग या गटाने किकची जागा ३५ यार्डांच्या रेषेवरून ४०च्या रेषेवर नेली. चेंडू अधिक वेळा थेट शेवटच्या पट्ट्यात पडू लागला, तो घेऊन पळण्याचे प्रसंग घटले. दर हजार किकऑफमागे सुमारे ११ असलेली कनकशन दोनवर आली. कॅनडात २०१३ साली अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या आइस हॉकीत अंगाने धडक देण्यावर बंदी आली, तेव्हा अल्बर्टा प्रांतात त्या वयोगटातली कनकशन निम्म्याहून खाली गेली. कोणाचे डोके नाजूक, हे दोन्ही ठिकाणी कोणी विचारले नव्हते.

म्हणून यंत्राला प्रश्न खेळाविषयी विचारावा. कोणत्या सरावात डोकी सर्वाधिक आपटतात, कोणत्या वयात टक्कर टाळता येईल, कोणता डावपेच बंद केला तर मार कमी होईल? या उत्तरांवर शाळांनी आणि क्रीडा संघटनांनी नियम करावेत. एकेका मुलाचा आकडा त्याच्या पालकांकडे आणि डॉक्टरांकडे राहावा. निवड समितीच्या हाती तो जाता कामा नये. खेळ सुरक्षित करणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि यंत्राच्या आड लपून ते मुलांच्या डोक्यावर ढकलता येणार नाही.