गावी कोयता घेताना

गणपतीच्या आठ दिवस आधी तुम्ही मुंबईहून, पुण्याहून कोकणातल्या घरी येता. घराभोवती रान गुडघ्याच्या वर गेलेलं असतं. पाणंद दिसत नाही. गणपतीवर बांधायच्या माटवीसाठी कवंडाळ, कांगण्या ही रानफळं आणायची असतात. मग बाजारात जाऊन कोयता घेतला जातो, बहुतेक वेळा जो चकाकतो तो.

तसं करू नका. कोयता आधी हातात घेऊन बघा.

मूठ तळहातात भरून बसली पाहिजे. बोटांची टोकं तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे. बोटं पुरतच नसतील तर ती जाड आहे. हात सैल सोडून मनगट दोन-चार वेळा हलवा. पातं हाताला पुढे ओढत असेल तर तो कोयता तुमच्यासाठी जड आहे. वर्षभर खुर्चीत बसणाऱ्याने जड कोयता घेतला तर अर्ध्या तासात मनगट दुखायला लागतं. दमलेल्या हाताचा घाव झाडावर कमी आणि स्वतःच्या नडगीवर जास्त बसतो.

गवत आणि झुडपं साफ करायला हलकी कोयती पुरते. झावळ्या, फांद्या तोडायच्या असतील तर वजनदार कोयता लागतो. दोन्ही कामांना एकच हत्यार वापरायची हौस धरू नका.

लोहार जवळ असेल तर त्याच्याकडेच जा. गाडीच्या जुन्या पाट्याचा कोयता मागा. तो दिसायला काळा, ओबडधोबड असतो, पण त्याला पाणी नीट दिलेलं असेल तर धार टिकते. मूठ पात्याशी घट्ट आहे ना, ते खडखड हलवून बघा. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं असलेलं बरं. सैल मुठीतून निसटलेलं पातं समोर उभ्या माणसाच्या अंगावर जातं. आणि धार बोथट असली की सुरक्षित, असं समजू नका. बोथट कोयता फांदीवरून घसरतो.

आता खरा प्रश्न, तो बाळगायचा कुठे?

याचं उत्तर कोकणातल्या जुन्या माणसांनी कधीच शोधून ठेवलंय. कमरेला मागच्या बाजूला दोरीने बांधलेली लाकडी आकडी. कोयता तिच्यात अडकवला की दोन्ही हात मोकळे राहतात. माडावर चढता येतं, साकवावरून जाताना आधार धरता येतो, डोक्यावरचा भारा सांभाळता येतो. कर्नाटकातल्या कोडगूमधले कोडव लोकही आपली कोयत्यासारखी ओडिकत्ती पाठीमागे तोडंग नावाच्या पितळी आकडीत अडकवतात. डोंगरात राबणाऱ्यांनी दोन ठिकाणी एकच जागा निवडली, ती उगीच नव्हे.

आकडी घेताना दोन गोष्टी बघा. कोयता तिच्यात बसला की डुगडुगता कामा नये. आणि वाकलात, उड्या मारल्यात तरी तो निसटता कामा नये. घरातच अंगणात चालून, वाकून, ओणवं होऊन बघा. दोरी चांगली रुंद घ्या, सुंभ पोटाला काचतो. आकडी बरोब्बर कण्यावर न ठेवता उजव्या कुशीकडे थोडी सरकवा, म्हणजे मागे पडलात तर लाकूड मणक्यात रुतणार नाही. डावखुरे असाल तर डावीकडे. कोयता अडकवताना धार अंगाकडे येणार नाही, हे दर वेळी हाताने चाचपा. बसण्याआधी तो काढून बाजूला ठेवा. बांधावर टेकायचं झालं तरी.

आकडी मिळाली नाही तर गावचा सुतार करून देईल. तोवर पात्यावर जुन्या टायरच्या ट्यूबचं किंवा जाड गोणपाटाचं म्यान चढवा आणि कोयता हातात, टोक खाली धरून न्या. खांद्यावर टाकून नेऊ नका. पावसात पायवाट शेवाळलेली असते.

लहान सुरी गमबुटात खोचणारे हल्ली दिसतात. सिनेमात बुटातून सुरी काढणारा नायक ऐटबाज वाटतो, पण त्याला चिखलात लावणी करायची नसते. गमबुटात पाय घामेजतो, सुरी खाली सरकते आणि घोट्याला चीर पडते. पावसाळ्यात ही चीर लहान समजू नका. उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात आणि अशाच जखमेतून अंगात शिरतात. सुरी लागणारच असेल तर ती कडक म्यानात घालून कमरेच्या पट्ट्याला लावा. पायाला जखम असताना शेतात उतरू नका. उतरावंच लागलं आणि पुढे ताप, अंगदुखी, डोळ्यांना लाली आली, तर अंगावर काढू नका. डॉक्टरला चिखलात गेल्याचं आवर्जून सांगा.

मोटारसायकलवर बसताना कोयता कमरेला नको. गोणपाटात गुंडाळून मागे आडवा, घट्ट बांधा.

आणि तरीही लागलंच तर? स्वच्छ फडकं जखमेवर ठेवा आणि दहा मिनिटं न सोडता दाबून धरा. मधेच उघडून बघू नका. जखमी हात किंवा पाय वर उचलून ठेवा. हळद, चहापूड, चुरडलेला पाला भरू नका, डॉक्टरला जखम धुताना त्याचाच त्रास होतो. रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल, तर डॉक्टरला तसंच सांगा.

काम झालं की पातं पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा. घरात मुलं असतील तर कोयता उंच खुंटीवर, धार भिंतीकडे. सुट्टीत आलेल्या नातवाला तो खेळणंच वाटतो.

शेवटची गोष्ट परतीची. शेतीकामाच्या अवजारांना शस्त्र नियमांतून सूट आहे. एरवी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं हत्यार परवान्याच्या भानगडीत येऊ शकतं. पण शहरात तुम्ही कोयता घेऊन कुठे निघालात, हे पोलीस विचारणारच. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या टोळक्यांनी तर या अवजाराचं नावच खराब केलंय. तेव्हा स्कूटरच्या डिकीत कोयता ठेवून मुंबईत फिरू नका. चिपी किंवा मोपा विमानतळावरून जाणार असाल तर हातातल्या बॅगेत तो अजिबात चालत नाही.

खरं सांगू? तो न्यायचाच कशाला? तेल लावून गावच्या घरी ठेवा, पुढच्या बेणणीला तिथेच लागणार आहे.