लग्नाच्या वाढदिवसाचे पिल्लू



मे महिन्यातली गोष्ट. सकाळी सकाळी घोलवडहून फोन आला. नात्यातली नाही, पण नात्यापेक्षा जवळची अशी एक मुलगी. लग्नाला दहा वर्षे झालेली, पदरात दोन मुले. आवाज अगदी दबका. "आपा, यांनी मला लग्नाच्या वाढदिवसाला कुत्र्याचं पिल्लू आणून दिलंय. तीन दिवस झाले, अम्मी माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. मी काय करू?"

मला हसू आले. पटकन सांगून टाकले, "अगं, परत देऊन टाक." फोन ठेवला आणि कामाला लागले. दिवसभर मात्र ते उत्तर मलाच टोचत राहिले. नवऱ्याने हौसेने दिलेली वस्तू परत कर, असे मी किती सहज सांगितले! शेवटी रविवारी विरारहून डहाणूची लोकल पकडली, डहाणूरोडला उतरून रिक्षा केली आणि नरपड, चिखले मागे टाकत घोलवडला पोहोचले.

तो सगळा पट्टा चिकूच्या वाड्यांचा. 2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून नाव आणखी झाले. यांची वाडी लहान, पण घराला लागूनच. वाडीच्या कडेला राखणदाराची झोपडी. राखणदार तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा वारली गडी, वर्षानुवर्षे यांच्याकडेच. नवरा नोकरीला मुंबईत. पहाटे अंधारात मोटरसायकलने डहाणूरोडला जातो, लोकल धरतो, परत येईपर्यंत रात्रीचे नऊ-साडेनऊ. दिवसभर घरात सासू, सून आणि मुले.

पिल्लू लॅब्राडोर जातीचे होते. फिकट सोनेरी, मऊ, कापसाच्या गोळ्यासारखे. शहरातल्या कुणा विक्रेत्याकडून 15,000 रुपयांना आणलेले. गळ्यात लाल रिबीन तशीच होती. आठ वर्षांची लेक त्याला सोडायला तयार नव्हती, आणि सासूबाई मुसल्ला घेऊन मागच्या खोलीत गेल्या होत्या त्या जेवायलाच काय त्या बाहेर येत होत्या.

मी आधी नवऱ्याशी बोलले. तो बिचारा कानकोंडा झाला होता. "आपा, ही दिवसभर एकटी असते. रात्री वाडीत खुट्ट झालं तरी दचकते. म्हटलं सोबत होईल, राखण होईल. दरवर्षी साडीच काय द्यायची?"

मग तिच्याजवळ बसले. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "आपा, दर दोन-तीन तासांनी फरशी पुसते. रात्री ते रडतं, मी उठते. दिवसातून चार वेळा त्याला खायला घालते. मुलं झाली तेव्हा हेच केलं, आता पुन्हा. मला सोबत हवी होती हे खरं. पण कुत्र्याची नको होती. हे संध्याकाळी सातला घरी आले असते तर मला काहीच नको होतं."

एवढे बोलून ती पुन्हा भांडी घासू लागली. मला वाटते, त्या घरातला खरा प्रश्न तेवढाच होता. पण तो कुत्र्याच्या प्रश्नाखाली दबला होता, म्हणून आधी कुत्र्याचे बोलू.

आपल्या समाजात कुत्र्याचा विषय निघाला की दोन टोके दिसतात. एक म्हणतो, कुत्रा हराम, सावलीसुद्धा नको. दुसरा म्हणतो, जमाना बदलला, सगळे चालते. दीनचे म्हणणे या दोन्हींपेक्षा अधिक नेमके आहे. पवित्र कुरआनच्या सूरह अल-कहफमध्ये गुहेत झोपलेल्या त्या ईमानदार तरुणांसोबत त्यांचा कुत्राही आहे, उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. सूरह अल-माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेली शिकार हलाल ठरवली आहे. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्याला विहिरीत उतरून, आपल्या मोज्यात भरून पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस तर आपण मुलांना लहानपणीच सांगतो.

त्याचबरोबर बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असेही आले आहे, की शेत, गुरे किंवा शिकार यांच्या कामाशिवाय जो कुत्रा पाळतो, त्याच्या नेकीतून रोज एक हिस्सा कमी होतो. ज्या घरात कुत्रा असतो तिथे फरिश्ते येत नाहीत, हीसुद्धा हदीस आहे. म्हणजे कुत्र्याचा द्वेष करायचा नाही, त्याला छळायचे नाही, उपाशी मारायचे तर मुळीच नाही. पण तो कामासाठी ठेवायचा आणि त्याची जागा ठरवायची. शेत राखण्याची मुभा आहे, त्याच आधारावर अनेक विद्वानांनी घर राखण्यालाही मुभा दिली आहे.

कोकणपट्टीतली आपली बरीच घरे शाफई मसलकची. या मसलकमध्ये कुत्र्याचे सगळे अंगच नापाक मानले जाते. ओल्या अंगाचा स्पर्श झाला किंवा त्याने भांडे चाटले, तर सात वेळा धुवायचे, त्यात एकदा मातीने. दोन्ही कोरडे असतील तर मात्र नुसत्या स्पर्शाने काही बिघडत नाही. हनफी मसलकमध्ये लाळ नापाक, अंगाच्या केसांना तो हुकूम नाही. मालिकी मसलकमध्ये तर जिवंत कुत्रा पाकच मानला जातो. म्हणून एका घरात जे चालते ते शेजारच्या घरात चालत नाही, आणि त्यावरून एकमेकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. सासूबाई पाणी घेत नव्हत्या ते हट्टाने नव्हे. रांगते पिल्लू घरभर ओल्या तोंडाने फिरत होते. त्यांची पाच वेळची नमाज अडत होती, आणि घरात कुणी त्यांना विचारलेही नव्हते.

मशिदीतले मौलाना साहेब त्या दिवशी दुपारी आले. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. कुत्र्याची किंमत घेण्याची हदीसमध्ये मनाई आली आहे. शाफई मसलकमध्ये कुत्रा हा विकण्या-विकत घेण्याचा मालच नाही. हनफी मसलकमध्ये कामाच्या कुत्र्याचा व्यवहार चालतो. "तुम्ही 15,000 दिलेत, ते बेटा, कशाचे दिलेत?" ते हसून म्हणाले. नवरा आणखीच खाली बघू लागला. "बरं, मी परत घेऊन जातो," तो म्हणाला. तेव्हा मौलानांनी त्याला थांबवले. दिलेली भेट परत घेणाऱ्याला हदीसमध्ये कशाची उपमा दिली आहे, ठाऊक आहे? ओकारी परत चाटणाऱ्या कुत्र्याची! सगळे हसले. मागच्या खोलीतून सासूबाईंचे हसणेही ऐकू आले. मौलाना म्हणाले, "तुम्ही हिच्या हातात दिलंत. आता काय करायचं ते हिला ठरवू द्या."

मी सकाळी फोनवर दिलेले उत्तर मला आठवले आणि मी गप्प राहिले.

चहाच्या वेळी राखणदार अंगणात आला. पिल्लाकडे बराच वेळ बघून त्याने विचारले, "हे मागितलं कोणी?" कोणीच बोलेना. तो म्हणाला, "आमच्या पाड्यावर कुत्रं कोणी कोणाला बळेच देत नाही. ज्याला पाहिजे तो येतो, बघतो, मागून नेतो. मागून नेलं की मग तो सांभाळतो." त्याचे स्वतःचे गावठी कुत्रे त्याच्या झोपडीपाशी बसते, उरलेसुरले खाते आणि रात्री वाडीत पाचोळा वाजला तरी उठते. त्याला कोणी विकत घेतलेले नाही.

शेजारच्या वाडीचे इराणी चाचाही आले. डहाणू-बोर्डीकडे पारशी आणि इराणी वाडीवाले पिढ्यान्पिढ्या राहतात. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. माणूस वारला की त्याच्या देहाला कुत्रा दाखवण्याचा विधी आहे, त्याला सगदीद म्हणतात. 1832 साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली, हा इतिहास आहे. चाचांच्या घरात कुत्री सोफ्यावर झोपतात. आपल्याकडे उंबरठ्याबाहेर बसतात. इतकी वर्षे दोन्ही वाड्यांना एकच कुंपण आहे, त्यावरून कधी वाद झाला नाही.

चाचांनी पिल्लाचे दात, पोट बघितले आणि नवऱ्याला सुनावले. "हे किती दिवसांचं आहे? फार तर चाळीस. याला आईपासून इतक्या लवकर तोडलं?" त्यांचे बरोबर होते. 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. दाट केसांची ही थंड मुलखातली जात, आणि आपला दमट किनारा. रोजचे फिरवणे, लसी, खाण्याचा खर्च, आणि हे सगळे दहा-बारा वर्षे. "साडी आवडली नाही तर कपाटात ठेवता येते," चाचा म्हणाले.

तीन दिवसांनी तिने ठरवले. कोणाच्या सांगण्यावरून नाही, स्वतःहून. पिल्लू तिने चाचांच्या घरी दिले, पैसे न घेता. तिथे त्याला सोबतीला दोन कुत्री होती आणि मायेने उचलून घेणारी माणसे होती. हे सोपे झाले नाही. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. "अम्मी, तू माझं पिल्लू दिलंस," असे म्हणत राहिली. अजूनही दर रविवारी बाप तिला कुंपणापलीकडे घेऊन जातो. ती खेळते, परत येऊन कपडे बदलते, हात धुते, एकदा मातीने, आणि मग दादीच्या कुशीत शिरते. मोठ्यांच्या चुकीची किंमत त्या मुलीने मोजली, हे विसरू नये.

मग तिने राखणदाराला सांगितले, पुढच्या खेपेला तुमच्या पाड्यावरून एक पिल्लू आणा, वाडीसाठी. आता मागणारी ती होती. गेल्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन आले. तांबूस रंगाचे गावठी कुत्रे फाटकाजवळच्या खोपटात राहते. त्याचे भांडे वेगळे, जागा वेगळी. सासूबाई ओट्यावरून त्याला भाकरी टाकतात आणि वर म्हणतात, "बांधून ठेवायचं आणि खायला द्यायचं नाही, असं नको." मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस त्यांच्या मनात असावी. वाडीत रात्री खुट्ट झाले की ते भुंकते आणि सून कूस बदलून पुन्हा झोपते.

आणि नवरा? त्याने साहेबांशी बोलून आठवड्यातले दोन दिवस लवकर सुटायची सोय करून घेतली आहे. त्या दोन दिवशी तो सातला घरात असतो. ती मला म्हणाली, "आपा, ही खरी भेट. याला रिबीन नाही." सांगताना तिने पदर तोंडाला लावला होता.

एकमेकांना भेटी द्या, त्याने प्रेम वाढते, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. म्हणून भेट जरूर द्या. पण भेट जिवंत असेल तर आधी बसून बोला. ज्याला देणार त्याला ती हवी आहे का? घरातल्या वडीलधाऱ्यांची नमाज, वजू, जागा यांचे काय? रोजचे काम कोण करणार, देणारा की घेणारा? बऱ्याच घरांत नवरा देतो आणि बायको राबते. मशवरा करा. जनावर ही अल्लाहची अमानत आहे, तिचा हिशोब दोघांना द्यायचा आहे.

आणि कुत्रा ठेवलाच, तर तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस टोचून घ्या आणि दरवर्षी पुन्हा टोचा. गावठी असो की विकतचा, लस सगळ्यांना. कोणतेही कुत्रे चावले किंवा त्याचे दात-नख नुसते ओरखडले, तरी हळद-चुना लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे लस मोफत मिळते. डॉक्टर सांगतील तितक्या सगळ्या सुया पूर्ण करा, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागली की मग त्यावर इलाज उरत नाही.

तुमच्याही घरात अशी एखादी न मागितलेली भेट आली असेल, तर जरूर लिहून कळवा. अल्लाह आपल्या घरांत मशवऱ्याची सवय आणि एकमेकांचे ऐकण्याची तौफीक देवो. आमीन.