झाड उभे, तर गाव उभे

त्र्यंबकेश्वर तालुक्यात पाऊस धो धो पडतो. गोदावरी इथल्याच ब्रह्मगिरीवर उगम पावते. तरी उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बायाबापड्या हंडे घेऊन पाण्यासाठी दरीत उतरतात. भात, नागली, वरई घरात आली की दिवाळीनंतर घरेच्या घरे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला निघतात. मुलेही सोबत जातात आणि शाळेतले बाक रिकामे होतात. शिक्षक म्हणून आम्हाला हेच जास्त बोचते.

डोंगर इंडोनेशियातही आहेत. आचे प्रांतातल्या गायो मुलखात लहान लहान मुस्लिम शेतकरी कॉफी पिकवतात. अनेकजण सहकारी संस्थांमार्फत ती परदेशी पाठवतात. भाव पडला की त्यांचेही हाल होतात. पण झाड वर्षानुवर्षे फळ देते, माणसाला गावाशी बांधून ठेवते.

आपल्याकडे चिखलदऱ्यात कॉफी होते. त्र्यंबकला कॉफीच हवी असे नाही. पावसाचे पाणी अडवावे, बांधावर आंबा, फणस लावावा. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने किंवा पाखराने खाल्ले, तरी तो सदका ठरतो, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण आहे. सदक्याची सुरुवात एका रोपानेही होते.